मांडवाखालचा खांदा

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांमध्ये माणसांचे हात वर जातात. मण्यांत पाणी भरेपर्यंत ते फारसे खाली येत नाहीत. काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, फेलफुटी काढायच्या, काड्या तारेला बांधायच्या, घडांची विरळणी करायची, मग एकेक घड जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवायचा. मांडव पद्धतीच्या बागेत ही बहुतेक कामं डोक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर चालतात. मान मागे, नजर वर, कोपर खांद्याच्या वर, आणि असं दिवसभर. सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. उंची कमी असेल तर तोच मांडव त्यांच्यासाठी आणखी उंच होतो.

पहिल्या आठवड्यात खांदा नुसता भरून येतो. मग एके दिवशी वेणी घालायला हात मागे जात नाही. बाहीत हात घालताना कळ येते. रात्री त्या कुशीवर वळलं की झोप मोडते. शेक होतो, बाम होतो, एरंडाचं पान होतं. तरी थांबत नाही तेव्हा कोणीतरी फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जातं. तिथे तपासणीनंतर कधी कधी खांद्यावर निळी, काळी किंवा गुलाबी पट्टी चिकटवली जाते. हीच पट्टी गणेशोत्सवाच्या आधी ढोल पथकातल्या पोरापोरींच्या अंगावर दिसते. ढोल कमरेला बांधलेला असला, तरी टिपरूचा मार शेवटी खांदाच सोसतो. क्रिकेटच्या मैदानावर आणि पोहण्याच्या तलावाकाठीही ती आता नवलाची राहिलेली नाही.

पट्टीबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतं, ‘पट्टी लावली आणि हात वर गेला!’ दुसरं म्हणतं, ‘चिकटपट्टीने कधी दुखणं जातं का?’ दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पट्टी खांदा दुरुस्त करत नाही. मात्र ती दुखणं काही काळ मागे सारू शकते, आणि त्या काळात खांद्याकडून योग्य हालचाल करून घेता येते. उपचार म्हणून तिची किंमत एवढीच आहे, आणि ती नीट वापरली तर कमी नाही. पण त्यासाठी खांदा कसा चालतो ते आधी पाहायला हवं.

बशीतला चेंडू

खांद्याच्या सांध्याला आपण उखळीचा सांधा म्हणतो. खरी खोल उखळ आहे ती खुब्याची. खांद्याची उखळ बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि पाठीवरच्या त्रिकोणी पात्याच्या, म्हणजे फऱ्याच्या, कडेची खोबण लहान. एका वेळी माथ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा खोबणीला टेकलेला असतो. म्हणून तर हात पुढे, मागे, वर, गोल असा सगळीकडे फिरतो. या मोकळेपणाची किंमत स्नायूंना मोजावी लागते. शर्टाच्या बाहीला कफ असतो तसे चार लहान स्नायू माथ्याला चहूबाजूंनी धरून बसलेले असतात. त्यांना मिळून ‘रोटेटर कफ’ म्हणतात. बाहेरचा मोठा स्नायू हात उचलतो, तेव्हा हे चौघे माथा बशीच्या मधोमध ठेवतात.

दुसरा भागीदार खुद्द फरा. हात बाजूने थेट कानापर्यंत न्यायचा, म्हणजे १८० अंशांचा प्रवास. त्यातले साधारण १२० अंश दंडाच्या सांध्यात होतात आणि उरलेले ६० अंश फरा पाठीवर फिरल्यामुळे मिळतात. व्हर्न इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये हा दोनास एकचा ताल मांडला. माणसामाणसात तो थोडा बदलतो, पण मुद्दा कायम आहे: फरा अडला की हात अडतो. पोक काढून बसा आणि हात वर न्या, मग ताठ बसून तोच हात वर न्या. फरक आपला आपल्यालाच कळतो.

दंडाच्या माथ्यावर फऱ्याच्याच हाडाचं छोटं छत असतं. माथा आणि छत यांमधली फट सुमारे एक सेंटिमीटरची. याच फटीतून कफमधल्या सर्वांत वरच्या स्नायूची, सुप्रास्पायनेटसची, शीर म्हणजे टेंडन जाते. हात ६० ते १२० अंशांच्या टप्प्यातून जाताना कळ येते आणि त्यापुढे गेल्यावर कमी होते, अशी तक्रार फार जणांची असते. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये त्याचं कारण मांडलं: शीर छताखाली चिमटते. पुढची कित्येक वर्षं उपाय ठरलेला होता, छताचं हाड खालून घासून फट मोठी करायची.

पण २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये आले. ३१३ रुग्णांपैकी काहींचं हाड घासलं, काहींच्या सांध्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींवर काहीच शस्त्रक्रिया केली नाही. हाड घासलेल्यांत आणि नुसती दुर्बीण घातलेल्यांत फरक पडला नाही. शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा या दोन्ही गटांना किंचित बरं वाटलं, पण रोजच्या जगण्यात जाणवावं इतकं नाही. त्यामुळे आता भर आहे तो शिरेच्या ताकदीवर आणि तिच्यावर पडणाऱ्या भारावर. जेवढी सवय आहे त्यापेक्षा पुष्कळ जास्त काम, तेही अचानक आणि विश्रांतीशिवाय अंगावर आलं, की शीर कुरकुरू लागते.

द्राक्षबागेत नेमकं तेच घडतं. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरची कामं सरली की मध्ये काही महिने हात वर धरण्याचं काम कमी असतं. गोडी छाटणीनंतर ते एकदम दिवसाला आठ तासांवर जातं. हात वर धरून ठेवला की सुप्रास्पायनेटसच्या आतला दाब वाढतो आणि त्यात रक्त खेळणं कमी होतं. हात हलत राहिला तर स्नायूला मधूनमधून श्वास मिळतो, वर तसाच धरला तर नाही. १९७० च्या दशकात स्वीडनच्या जहाजगोदीत डोक्यावर हात धरून काम करणाऱ्या वेल्डरांचे दुखरे खांदे संशोधकांनी अभ्यासले होते. तिथली वेल्डिंगची नळी आणि इथली छाटणीची कात्री खांद्याला सारखीच.

पट्ट्या दोन जातींच्या

पहिली जात कडक पट्टीची. आधी त्वचेवर पांढरी, मऊ, सच्छिद्र पट्टी लावतात आणि तिच्यावर तपकिरी, न ताणणारी पट्टी ओढून बसवतात. खांद्याच्या पुढून सुरू करून, वरून मागे आणि तिरकी खाली पाठीच्या मध्यापर्यंत ती नेली, तर पुढे झुकलेला खांदा मागे राहायला मदत होते. ही पद्धत १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपिस्ट जेनी मॅक्कॉनेल यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांनी ती गुडघ्याच्या वाटीसाठी मांडली होती, नंतर ती खांद्यासाठीही वापरात आली. कडक पट्टी हालचालीला लगाम घालते, म्हणून साधारण एक-दोन दिवसच ठेवतात.

दुसरी जात रंगीत, लवचीक पट्टीची. जपानमधले कायरोप्रॅक्टर केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात ती तयार केली. सुती कापड, त्यात लवचीक धागा आणि मागे उष्णतेने पकडणारा अ‍ॅक्रिलिक गोंद. ती लांबीने दीडपटीच्या आसपास ताणली जाते आणि सोडली की मागे येते. पाच सेंटिमीटर रुंदीच्या गुंडाळीतून कापून ती सरळ किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगून लावतात. घाम आणि अंघोळ सोसत ती तीन ते पाच दिवस टिकते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलची सुवर्णविजेती केरी वॉल्श खांद्यावर काळी पट्टी लावून खेळली आणि जगभर लोक विचारू लागले, हे काय आहे? त्यानंतर ही पट्टी गल्लोगल्ली पोहोचली. रंगांत मात्र काही गुण नाही. निळी थंड आणि लाल गरम असं काही नसतं. आवडेल तो रंग घ्यावा.

पट्टीखाली काय घडतं

लवचीक पट्टीबद्दलचा मूळ दावा असा: ताणून लावलेली पट्टी मागे येताना त्वचेला बारीक सुरकुत्या पाडते, त्यामुळे त्वचा किंचित उचलली जाते, खाली जागा होते, रक्त आणि लसिका मोकळी वाहतात आणि दुखणं कमी होतं. हे ऐकायला पटतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी जुनी कंबरदुखी असलेल्या १४८ जणांवर ते तपासलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. अर्ध्यांना ताण देऊन सुरकुत्या पाडणारी पट्टी लावली, अर्ध्यांना बिनताणाची. दोन्ही गटांत सारखाच फरक पडला. म्हणजे सुरकुत्यांचा सिद्धांत टिकत नाही.

मग ज्यांना बरं वाटतं त्यांना ते कशामुळे? एक पटण्याजोगं उत्तर आपल्या हातांना आधीच ठाऊक आहे. कोपर दारावर आपटला की आपण तो नकळत चोळतो. त्वचेचा स्पर्श आणि आतलं दुखणं या दोन्ही खबरा मज्जारज्जूच्या एकाच दारातून आत जातात. स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याला वाट कमी मिळते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला हा ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत. पट्टी त्वचेला हळूच ओढत राहते, म्हणजे चोळण्याचंच काम सावकाश करत राहते.

दुसरं काम आठवण देण्याचं. ताठ उभं असताना लावलेली पट्टी आपण पोक काढला की पाठीवर खेचते. आई पाठीवर हात ठेवून ‘नीट बस’ म्हणायची, तसंच काहीसं. तिसरी गोष्ट धीराची. दुखणाऱ्या खांद्याला माणूस जपतो, हात कमी हलवतो आणि न हलवल्याने खांदा आणखी कमजोर होतो. काहीतरी आधार आहे असं वाटलं की हात वर न्यायचं धाडस होतं. हे ‘नुसतं मनाचं’ म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. भीतीने धरलेला स्नायू खरोखरच आखडलेला असतो.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा दुखणाऱ्या ४२ तरुणांपैकी काहींना योग्य पद्धतीने पट्टी लावली, काहींना नुसती दाखवण्यापुरती. खरी पट्टी लावल्याबरोबर हात बाजूने न दुखता सरासरी १७ अंश जास्त वर गेला. पण पुढच्या दिवसांत दोन्ही गट सारखेच होते. एकूण दुखण्यात किंवा कामाच्या अडचणीत वेगळा फायदा दिसला नाही.

त्याआधी, २००५ मध्ये, ब्रिटनचे जेरेमी लुईस आणि सहकाऱ्यांनी खांदा दुखणारे ६० आणि न दुखणारे ६० अशा १२० जणांची ठेवण पट्ट्या लावून सुधारून पाहिली. हात जास्त वर जाऊ लागला. दुखण्याची तीव्रता मात्र घटली नाही, फक्त ते उशिरा, हात आणखी वर गेल्यावर सुरू होऊ लागलं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण पट्टीचं काम त्याच्याइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही. दुखणं तेवढंच राहतं, पण त्याच्या अलीकडची मोकळी वाट लांब होते.

२०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने रोटेटर कफच्या दुखण्यावर लवचीक पट्टीच्या २३ चाचण्या, मिळून १,०५४ रुग्ण, एकत्र तपासले. दुखणं, हालचाल, कामाची क्षमता यांत पट्टीचा खात्रीचा फायदा दिसला नाही आणि पुरावाही कमी दर्जाचा होता. जो कोणी ‘पट्टीने खांदा बरा करून देतो’ म्हणतो, त्याच्यापुढे हा आढावा ठेवावा.

मोकळ्या वाटेत काय करायचं

भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात उभं राहिलं, ते पोलिओच्या पार्श्वभूमीवर. त्या पिढीने लुळ्या पायांच्या मुलांना हालचाल शिकवली. या शास्त्राचा जन्मच हालचाल शिकवण्यासाठी झाला आहे. पट्टी, शेक, यंत्रं ही त्याची हत्यारं.

पट्टी लावून दुखणं उशिरा सुरू होत असेल, तर त्या दिवसांत व्यायाम करून घ्यायचा. सुरुवात साधी असते. कोपर कमरेला टेकवून, मध्ये घडी घातलेला टॉवेल धरून, मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबायची आणि काही सेकंद धरायची. हात हलत नाही, पण कफचे स्नायू कामाला लागतात. मग दोन्ही फरे मागे आणि किंचित खाली ओढून धरायचे. मग भिंतीला तळहात लावून हात हळूहळू वर सरकवायचा. त्यानंतर रबरी पट्ट्याने ओढण्याचे व्यायाम आणि शेवटी थोडं थोडं वजन. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसावं. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, कारण शिरेला बळ यायला वेळ लागतो. पट्टी पाच दिवसांत निघते. म्हणून दर आठवड्याला नवी पट्टी आणि व्यायाम शून्य, असा उपचार चालू असेल तर तो थांबवून प्रश्न विचारावा.

पक्षाघातानंतर हात लुळा पडून खांदा खाली ओघळतो, तेव्हा त्याला आधार द्यायलाही पट्टी लावतात. मधुमेहींमध्ये जास्त आढळणाऱ्या फ्रोझन शोल्डरमध्ये मात्र तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. ओळख सोपी आहे: तिथे आपला हात दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही, कारण सांध्याचं आवरणच आखडलेलं असतं.

लावताना आणि काढताना

पहिली पट्टी जाणकाराकडूनच लावून घ्यावी. त्वचा धुऊन कोरडी हवी. अंगाला तेल किंवा बाम लावलेला असेल तर पट्टी धरत नाही, आणि बामावर ती बसवली तर त्वचा पोळते. पट्टीची टोकं गोल कापावीत आणि दोन्ही टोकांचे काही सेंटिमीटर बिनताणाचे चिकटवावेत. टोकाशी ताण दिला तर फोड येतात. लावून झाल्यावर हाताने चोळून गोंद गरम करावा आणि अर्धा तास घाम येईल असं काम करू नये. अंघोळीनंतर टिपून घ्यावी, घासू नये. खाज, जळजळ, लाल चट्टे आले तर पाच दिवस पुरे करण्याचा हट्ट नको, लगेच काढावी. काढताना जोरात ओढू नये. कडेला खोबरेल तेल लावून, एका हाताने त्वचा दाबून धरून, केसांच्या दिशेने हळूहळू गुंडाळत न्यावी.

द्राक्षबागेत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. घड बुडवताना द्रावण मनगटावरून कोपराकडे आणि तिथून वर ओघळतं. फवारणीचे थेंब खांद्यावर पडतात. असं भिजलेलं पट्टीचं कापड त्वचेला चिकटून राहणं चांगलं नाही. पट्टी औषधाने भिजली तर त्याच संध्याकाळी काढून खांदा साबणाने धुवावा.

जखम, त्वचेचा संसर्ग किंवा पट्टीची अ‍ॅलर्जी असेल, त्वचा फार नाजूक झाली असेल, मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल, तिथे पट्टी नको. आणि प्रत्येक खांदेदुखी खांद्याची नसते. डाव्या खांद्यात कळ, सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय गाठावं. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, ताप येत असेल, कारणाशिवाय वजन घटत असेल, तर आधी डॉक्टर. पट्टीने दुखणं झाकलं जाऊ नये.

मांडवाची उंची

काडी तारेला बांधली नाही तर वाऱ्याने मोडते. पण बांधली म्हणून घड लागत नाही. घड लागतो तो मुळांमुळे, पानांमुळे आणि पाण्याच्या पाळीमुळे. खांद्यावरची पट्टी ही तशीच बांधणी आहे. पाच दिवसांनी ती सोडून बाई पुन्हा त्याच मांडवाखाली, त्याच तासांसाठी हात वर करून उभी राहणार असेल, तर दुखणं परत येणारच.

त्यामुळे अर्धा उपचार दवाखान्यात आणि अर्धा बागेत व्हायला हवा. पायाखाली भक्कम, न डगमगणारी घोडी किंवा पाट दिला तर कोपर खांद्याच्या खाली येतो. विरळणी करणाऱ्या हातांना दर तासाला काही मिनिटं गोळा करणं, वाहणं, बांधणं असं खालचं काम दिलं तर स्नायूत रक्त खेळतं. हंगामाच्या पहिल्याच दिवशी पूर्ण तास न लावता पहिले काही दिवस काम चढतं ठेवलं तर शिरेला सवय होते. नवी बाग मांडवाऐवजी वाय पद्धतीने उभी केली तर घड खाली येतात आणि हातही. यातलं बरंचसं बिनखर्चाचं आहे. फक्त कोणीतरी ठरवायला हवं.

येत्या छाटणीला कात्र्या वाटण्याआधी बागायतदाराने एवढं करून पाहावं. टोळीतल्या सगळ्यांत बुटक्या बाईला मांडवाखाली उभं करावं, हात घडापर्यंत न्यायला सांगावा आणि तिचा कोपर खांद्याच्या वर किती जातो ते पाहावं. जेवढा वर जातो, तेवढ्या उंचीचा पाट तिच्या पायाखाली द्यावा.